कॅमेरा न्यावा की ठेवावा?



परदेशचा प्रवास ठरला, रजा मंजूर झाली, तिकिटे हाती आली, म्हणजे हौशी छायाचित्रकाराच्या घरी एक ठरीव वाद उभा राहतो. कपाटातील कोरड्या पेटीत एक भारी कॅमेरा असतो, त्याच्या जोडीस दोन-तीन भिंगे असतात, आणि त्या सर्वांची किंमत घरातील लहानथोरांस तोंडपाठ असते. एक पक्ष म्हणतो, "एवढे घबाड घेऊन परमुलखात हिंडावयाचे म्हणजे जिवाला घोर. खिशात मोबाइल आहे, त्यात काढा हवी तेवढी छायाचित्रे." दुसरा पक्ष विचारतो, "मग हे सारे घेतले कशासाठी? कपाटाची शोभा म्हणून?" दोन्ही पक्षांचे म्हणणे रास्त असल्यामुळे वाद मिटत नाही. अखेर निघण्याच्या आदल्या रात्री कोणीतरी वैतागून सगळेच सामान एका बॅगेत कोंबतो, नाहीतर सगळेच मागे ठेवून देतो.

हा प्रश्न मोघम घेतला तर त्याचे उत्तरही मोघमच मिळावयाचे. पॅरिसच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने काय न्यावे आणि आफ्रिकेच्या मैदानांत जाणाऱ्याने काय न्यावे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून आज आपण एकच प्रवास डोळ्यांसमोर ठेवू. तो म्हणजे मुंबईहून केनियातील मसाई माराचा.

दरवर्षी साधारणतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानांतून वाइल्डबीस्टचे प्रचंड कळप उत्तरेस सरकतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. ताडोब्याच्या वाटांवर ज्यांनी आपला हात बसविला आहे, अशा आपल्याकडील पुष्कळ छायाचित्रकारांस हे दृश्य जन्मात एकदा तरी पाहावयाचे असते. मुंबईहून नैरोबीस थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. अंतर फार नाही, परंतु खर्च असा की मध्यमवर्गीय कुटुंबाने तो वर्षानुवर्षांच्या शिलकीतूनच करावा. म्हणजे हा प्रवास वारंवार होणारा नव्हे. कॅमेऱ्याविषयीचा निर्णय चुकला, तर तो पुढच्या खेपेस सुधारू असे म्हणण्याची सोय येथे बहुधा नसते.

आता पहिली भीती चोरीची. ती खरी आहे, तथापि तिच्याविषयी लोक जितके बोलतात तितका वेळ मी तिला देणार नाही. चोराला संधी मिळते ती विमानतळावरील बाकावर, टॅक्सीत सामान चढवताना, हॉटेलच्या स्वागतकक्षात नावे लिहून देताना. म्हणजे जेथे आपले लक्ष दुसऱ्या कामात असते आणि बॅग पायाशी असते, तेथे. त्यावर उपाय एकच : बॅगेचा पट्टा पायात किंवा हातात अडकवून ठेवणे. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत मिरविणारा गळपट्टा घरीच काढून ठेवावा. नैरोबी शहरात एखादी रात्र मुक्काम पडला, तर कॅमेरा रस्त्यावर बाहेर काढू नये. एकदा माराच्या निवासशिबिरात पोचलात, म्हणजे तेथे परकी माणसे थोडी आणि वावर मोजका असतो. चोरीचा विषय मी येथेच सोडतो, कारण महागड्या सामानाचा खरा वैरी चोर नसून वजन आहे, असे माझे मत आहे.

हे विधान काहीसे विचित्र वाटेल. पण हिशेब करून पाहा. आपल्याकडील बहुतेक विमान कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशास हातातील बॅगेत सात किलोच नेऊ देतात. काही परदेशी कंपन्या थोडे अधिक चालवून घेतात, परंतु त्यावर विसंबून निघणे बरे नव्हे. वजन जास्त भरले की खिडकीवरील कर्मचारी ती बॅग विमानाच्या पोटात टाकावयास सांगतो, आणि तेथून पुढे आपली दहा-बारा लाखांची वस्तू सरकत्या पट्ट्यांवरून, हमालांच्या हातांतून आणि अनोळखी गोदामांतून आपल्या दृष्टीआड प्रवास करू लागते.

अशी बॅग फुटली किंवा हरवली तर विमान कंपनी काय देते? आंतरराष्ट्रीय प्रवासास लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे कंपनीची जबाबदारी मर्यादित आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा दर प्रवाशास १,५१९ 'विशेष आहरण अधिकार' अशी झाली. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन होय. डॉलरांत ही रक्कम साधारण दोन हजारांच्या घरात जाते. ही सर्व सामानाची मिळून मर्यादा आहे, केवळ कॅमेऱ्याची नव्हे. सामान सोपविताना त्याची किंमत खास नोंदवून व जादा आकार भरून ही मर्यादा वाढविता येते, अशी तरतूद करारात आहे. पण किती प्रवासी ती वापरतात? शिवाय मौल्यवान वस्तू पोटातील सामानात ठेवू नयेत, असे अनेक कंपन्यांच्या अटींत आधीच छापलेले असते. सामान मोडलेले आढळले तर लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. तेव्हा ज्याच्या नुकसानीने घर हादरेल ते सामान विमानाच्या पोटात जाता कामा नये, हा पहिला नियम धरावा.

यात एक अडचण अशी की नियम आपल्या हातात नसतात. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने मध्यपूर्वेतील व उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठी विद्युत्-साधने हाती बाळगण्यास एकाएकी मनाई केली. त्यांत कॅमेरेही आले. दुबई, अबू धाबी आणि दोहा ही नावे त्या यादीत असल्यामुळे त्या वाटेने अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या लोकांसही तिचा फटका बसला. ब्रिटननेही स्वतःची वेगळी यादी काढली. अमेरिकेची बंदी जुलै २०१७ मध्ये उठली. असा प्रसंग वारंवार येत नाही हे खरे. परंतु विमा उतरवावा की नाही, या प्रश्नाचा विचार करताना तो आठवावा.

बॅटऱ्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. जादा लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात ठेवण्यास मनाई आहे. त्या हातातील बॅगेतच हव्यात. हा नियम कोणाच्या लहरीने झालेला नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानात अशा बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आग लागून ते विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. विमानाच्या पोटातील आग कोणास दिसत नाही. आसनाशेजारची आग दिसते व विझविता येते. शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीवाचून नेता येते. शंभर ते एकशेसाठ वॉट-तासांच्या बॅटरीस कंपनीची संमती लागते, आणि तशा जादा बॅटऱ्या दोनच नेता येतात. हे मोजावयाचे कसे, असे कोणी विचारील. बॅटरीवर छापलेले व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. ७.२ व्होल्टची, २,००० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी १४.४ वॉट-तासांची भरते. म्हणजे कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्यांविषयी चिंता करण्याचे कारण नाही. फक्त त्यांची टोके झाकलेली असावीत. विमानाच्या दारापाशी ऐन वेळी बॅग काढून घेऊ लागले, तर आधी जादा बॅटऱ्या तीतून बाहेर घ्याव्यात, हे मात्र विसरू नये.

माराच्या प्रवासात आणखी एक चाळणी आहे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराच्या मातीच्या धावपट्ट्यांकडे लहान विमाने जातात. त्यांत दर माणशी सामानाची मर्यादा सामान्यतः पंधरा किलोंची, आणि तीही हातातील सामान धरून. बॅगा मऊ असाव्या लागतात, कारण त्या विमानाच्या अरुंद कप्प्यांत दाबून बसवावयाच्या असतात. संरक्षणासाठी म्हणून मुद्दाम घेतलेली टणक कवचाची पेटी येथे नडते. रस्त्याने गेल्यास ही अट सुटते. मग पाच-सहा तासांची मोटार आणि धूळ सोसावी लागते.

आता स्वयंपाकघरातील काटा घ्या. हे मी थट्टेने म्हणत नाही. असल्या प्रवासाच्या तयारीत त्याच्याइतके उपयोगी यंत्र दुसरे नाही. वन्यजीवनाच्या छायाचित्रणात मानाचे स्थान असलेले ४०० मिलिमीटरचे एफ २.८ छिद्राचे भिंग सुमारे २,९५० ग्रॅमचे असते. त्याला शोभणारा भारदस्त कॅमेरा सुमारे १,३४० ग्रॅमचा. दुसरा लहान कॅमेरा ७०० ग्रॅम, त्याचे मध्यम भिंग ७०० ग्रॅम. बॅटऱ्या, चार्जर, कार्डे मिळून आणखी ७०० ग्रॅम. रिकाम्या बॅगेचे वजन दोन किलो. बेरीज ८,३९० ग्रॅम झाली; सात किलोंच्या मर्यादेच्या पुढे जवळजवळ दीड किलो, आणि अजून चष्मा, औषधे, कागदपत्रे यांतले काहीच बॅगेत गेलेले नाही.

दुसरा संच मांडून पाहा. १०० ते ५०० मिलिमीटरचे झूम भिंग सुमारे १,४०० ग्रॅमचे, त्यास ७०० ग्रॅमचा कॅमेरा. दुसरा कॅमेरा व मध्यम भिंग मिळून १,४०० ग्रॅम. बाकीचे सटरफटर ७०० ग्रॅम, आणि हलकी बॅग दीड किलोची. एकूण ५,७०० ग्रॅम. सव्वा किलोहून अधिक जागा उरली.

"पण त्या झूम भिंगाला प्रकाश कमी मिळतो!" असा आक्षेप जाणकार श्रोते आत्ताच घेत असतील. आक्षेप बरोबर आहे. लांबच्या टोकास एफ ७.१ छिद्र असलेल्या भिंगापेक्षा एफ २.८ चे भिंग सुमारे सहा पट प्रकाश आत घेते, आणि ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ताडोब्यात बांबूच्या दाट सावलीत, पहाटेच्या फिकट उजेडात वाघ उभा राहतो, तेव्हा हा सहा पटींचा फरक म्हणजे छायाचित्र मिळणे आणि न मिळणे यांतला फरक असतो. म्हणूनच आपल्याकडील लोकांस मोठ्या छिद्राची ओढ लागलेली आहे.

परंतु मारा म्हणजे ताडोबा नव्हे. मारा विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या दीड अंशावर आहे. तेथे सूर्य क्षितिजावरून जवळजवळ सरळ वर चढतो. त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच आटोपतो. साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवला की थोड्याच वेळात मोकळ्या माळावर लख्ख उजेड पसरतो. अडवावयास झाडी नाही. नदी ओलांडण्याचे जे दृश्य पाहावयास आपण एवढ्या दूर जातो, ते तर बहुधा उन्हे चढल्यावरच घडते. मोठ्या छिद्राची ज्या प्रकाशात खरी गरज लागते तो प्रकाश तेथे दिवसाकाठी अर्धापाऊण तास मिळतो, आणि तेवढ्यासाठी दीड किलोचे जादा ओझे व दहा लाखांची चिंता घरापासून घरापर्यंत वाहावयाची. मला हा सौदा पटत नाही. ज्याचे सारे चित्त तिन्हीसांजेच्या सिंहावर किंवा झाडावरील बिबट्यावर जडले आहे, त्याने मोठे भिंग खुशाल न्यावे. मात्र त्याने दुसरा कॅमेरा आणि इतर सामान निर्दयपणे कमी करावे. काही निवासशिबिरांत अशी भिंगे भाड्यानेही मिळतात. आधी पत्र लिहून विचारून ठेवावे.

ओझे कमी करण्याचा हा प्रश्न एका छायाचित्रकारापुढे फार कठोर रूपाने उभा राहिला होता. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता. १९१५ साली त्यांचे 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्रातील बर्फात अडकून चिरडले गेले. हर्लीने त्या मोडक्या जहाजातील बर्फाळ पाण्यात उतरून आपल्या काचेच्या निगेटिव्ह वर काढल्या. परंतु पुढचा प्रवास होड्या ओढत करावयाचा होता, आणि एवढ्या काचा नेणे शक्य नव्हते. तेव्हा शॅकल्टन व हर्ली बर्फावर बसले, एकेक काच पाहून त्यांनी सुमारे १२० निवडल्या, आणि उरलेल्या सुमारे ४०० फोडून टाकल्या. फोडल्या अशासाठी, की मागाहून मन बदलून कोणी परत घ्यावयास जाऊ नये. मोठे कॅमेरे तेथेच राहिले. हर्लीजवळ एक खिशात मावणारा कोडॅक कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे उरली. एलिफंट बेटावर सुटकेची वाट पाहत असलेल्या सोबत्यांची जी छायाचित्रे आज आपण पाहतो, ती त्या लहान कॅमेऱ्यातून आलेली आहेत. आपल्या बॅगेतून एखादे भिंग काढताना हात अडखळला, तर बर्फावर काचा फोडणाऱ्या त्या माणसाचे स्मरण करावे.

दोन कॅमेरे न्या असे मी म्हणतो, ते मोडतोडीच्या भीतीने तितकेसे नाही; त्याचे खरे कारण धूळ. माराच्या वाटांवर उघड्या मोटारीत बसून भिंग बदलणे म्हणजे धुळीला घरात बोलाविणे. दोन्ही कॅमेऱ्यांस भिंगे घरूनच लावलेली असावीत आणि दिवसभर ती काढूच नयेत. धुळीपासून बचाव म्हणून आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कॅमेरा गुंडाळण्याची रीत आहे. ती येथे चालणार नाही. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित प्रदेशांत एकदाच वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकला मज्जाव आहे. त्यापेक्षा उशीचा जुना सुती अभ्रा न्यावा. तो कॅमेऱ्यावर झटकन टाकता येतो, झटकन काढता येतो, आणि त्याला वजन असे नाहीच. मोटारीच्या कडेवर भिंग टेकविण्यासाठी तिवईपेक्षा भरलेली कापडी पिशवी बरी. ती रिकामी न्यावी व तेथे पोचल्यावर तांदूळ किंवा घेवड्याचे दाणे भरून घ्यावेत. निघताना ते धान्य शिबिरातील स्वयंपाक्यास द्यावे. ड्रोन मात्र नेऊच नये. तेथील विमान-वाहतूक खात्याच्या पूर्वपरवानगीवाचून आणलेले ड्रोन विमानतळावरच अडकून पडते.

येथपर्यंत जाण्याचा विचार झाला. परत येण्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या गळ्यात लाखो रुपयांचा कॅमेरा पाहून जकात अधिकाऱ्याने विचारले, "हा कोठे घेतला?" तर उत्तर काय देणार? "साहेब, हा इथलाच आहे," हे उत्तर खरे असले तरी तो पुरावा नव्हे. २०१६ च्या सामान-नियमांत परदेशातून परतणाऱ्या निवाशास सामान्यतः ५०,००० रुपयांपर्यंतची सूट ठरविलेली होती, आणि तिच्यावरील किमतीस ३८.५ टक्के कर पडत असे. हे आकडे सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहून घ्यावा. परंतु आकडा कोणताही असो, दहा लाखांच्या वस्तूपुढे सुटीची मर्यादा तोकडीच पडणार.

यावरचा उपाय 'निर्यात प्रमाणपत्र' हा होय. जाताना विमानतळावरील जकात कचेरीत वस्तू प्रत्यक्ष दाखवावयाच्या. अधिकारी त्यांचे वर्णन व क्रमांक नोंदवून प्रमाणपत्र देतो, आणि परतताना ते दाखविले की वस्तू इथलीच असल्याचे सिद्ध होते. २०२४ च्या जुलैमध्ये अशी अफवा पसरली होती की प्रत्येक प्रवाशाने जाताना आपल्या वस्तू घोषित केल्याच पाहिजेत. सरकारने तेव्हाच खुलासा केला की ही सोय ऐच्छिक असून विशेष कॅमेऱ्यांसारख्या मौल्यवान वस्तू नेणाऱ्यांसाठी ती पूर्वीपासूनच चालत आलेली आहे. मोबाइल आणि साधा कॅमेरा नेणाऱ्याने यासाठी धावपळ करू नये. किंमत लाखांत असेल, आणि त्यातून वस्तू नवीकोरी दिसत असेल, तर मात्र एक तास आधी विमानतळावर जावे व हे प्रमाणपत्र घ्यावेच. यासाठी प्रत्येक वस्तूवरील क्रमांक घरीच एका कागदावर उतरवून, खरेदीच्या पावत्यांच्या प्रतींसह बरोबर ठेवावा. कॅमेरे सामानात भरून ते विमानाच्या पोटात सोपविल्यावर प्रमाणपत्र मागावयास गेल्यास दाखविणार काय? हातात ठेवण्याचा हाही एक फायदा.

धंद्यासाठी मोठा सरंजाम नेणाऱ्यांकरिता 'ए. टी. ए. कार्ने' नावाचा एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज असतो. तो म्हणजे सामानाचा पासपोर्टच म्हणा. आपल्याकडे तो फिक्की ही व्यापारी महासंघाची संस्था देते, आणि तो वर्षभर चालतो. हौशी माणसाने त्याच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. इतके मात्र पाहावे की, चित्रपट किंवा जाहिरातीचे चित्रण करावयाचे असल्यास केनियात वेगळा परवाना लागतो. घरगुती छायाचित्रांस लागत नाही.

क्रमांकांचा तोच कागद विम्यासही लागतो. प्रवास-विमा घेतला म्हणजे कॅमेऱ्याचाही विमा झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. बहुतेक प्रवास-विम्यांत विमानाच्या पोटात सोपविलेले सामान हरवण्याची भरपाई असते; हातातील कॅमेरा त्यांत बसत नाही. त्यासाठी सर्व जोखमींचा निराळा विमा उतरवावा लागतो, आणि तो परदेशातही लागू आहे असे पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. उभ्या मोटारीत कोणी नसताना झालेली चोरी अनेक विम्यांतून वगळलेली असते. हे कलम बारीक अक्षरांत असले तरी ते आधी शोधून वाचावे. चोरी झाल्यास तेथील पोलिसांची लेखी नोंद घेतल्यावाचून पुढचे काही होत नाही. विम्याचा विषय निघाला म्हणून आठवले : दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, त्या उद्योगासाठी त्यांनी आपल्या आयुष्याचा विमा गहाण टाकून कर्ज काढले होते. आपण कॅमेऱ्याचा विमा उतरविण्यासही कुरकुर करतो!

मग न्यावा की ठेवावा? माझे उत्तर ज्याच्या त्याच्या घराकडे पाहून बदलेल. बरोबर लहान मुले आणि वृद्ध आईवडील असतील, तर एका हातात मुलाचा हात आणि दुसऱ्यात तीन किलोचे भिंग, हे जमणारे नव्हे. त्याने हलका कॅमेरा न्यावा आणि बाकीचे डोळ्यांनी पाहावे. ज्याने या प्रवासासाठी म्हणून नवे भिंग गेल्या आठवड्यात घेतले, त्यास मी ते घरीच ठेवावयास सांगेन; अंधारात बोट टेकताच कळ सापडेल इतका सराव होण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि मगरीने झडप घातल्यावर सूचनापत्र वाचावयास सवड मिळत नाही. ज्याचा कॅमेरा कर्जाऊ रकमेतून आलेला आहे व विमा उतरलेला नाही, त्याने विमा होईपर्यंत तो हलवू नये. आणि ज्याचा हात बसलेला आहे, कागद तयार आहेत, आणि ज्याची बॅग काट्यावर सात किलोंच्या आत उतरते, त्याने कोणाच्याही भीतीला भीक न घालता कॅमेरा न्यावा. दारापासून दारापर्यंत जे आपल्या हातातून सुटणार नाही, तेवढे सामान सुरक्षित आहे.

शेवटी एका गोष्टीविषयी सांगतो आणि आपली रजा घेतो. कॅमेरा गेला तर विमा पैसे देईल; कार्डातील छायाचित्रे विमा देत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि डेव्हिड सेमूर यांनी काढलेल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह १९३९ मध्ये पॅरिसमधून नाहीशा झाल्या. अनेक वर्षांनंतर त्या मेक्सिकोत सापडल्या, आणि २००७ साली न्यूयॉर्कच्या छायाचित्रण-केंद्रात पोचल्या. आपली छायाचित्रे शोधीत सत्तर वर्षांनी कोणी येईल, असा भरवसा आपण धरू नये. शिबिरात वीज असते तेवढ्या वेळात रोज रात्री दिवसभराची छायाचित्रे दोन निरनिराळ्या साठवण-तबकड्यांवर उतरवावीत. परतीच्या प्रवासात एक तबकडी स्वतःच्या बॅगेत असावी, दुसरी सोबत्याच्या. आणि मूळ कार्डे, घरी पोचून सर्व छायाचित्रे एकदा उघडून पाहीपर्यंत, पुसू नयेत.